कालपर्यंत चालणारा रिमोट आज का रुसतो? होम थिएटर पीसी आणि इन्फ्रारेडचं जुनं दुखणं

टीव्हीखाली ठेवलेला छोटा पीसी, त्यावर लिनक्स आणि सिनेमे-गाणी चालवण्यासाठी कोडी हा प्रोग्राम, यूएसबीला लावलेला इन्फ्रारेड रिसीव्हर आणि सोफ्यावर बसलेल्याच्या हातात रिमोट. लावल्या लावल्या सगळं सुरळीत चालतं. मग एका संध्याकाळी बटणं दाबून काहीच होत नाही. पीसी बंद करून चालू केला की रिमोट शहाण्यासारखा वागतो आणि आठवडाभराने पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. एव्हाना घरात "तुझ्या त्या डब्यापेक्षा सेट-टॉप बॉक्स बरा" असं ऐकू यायला लागलेलं असतं.

यावर सर्रास मिळणारे सल्ले तीन: सेल बदल, रिसीव्हर बदल, सगळं पुसून नव्याने टाक. तिन्हींनी काही काळ बरं वाटतं, कारण तिन्ही करताना पीसी एकदा तरी रीस्टार्ट होतो. मूळ दुखणं जागच्या जागी राहतं.

माझा अनुभव असा की परत परत येणाऱ्या बिघाडाची आधी वेळ पकडावी. झोपवलेला पीसी उठवल्यावर रिमोट जातो, की घरातले दिवे लागल्यावर? अपडेटनंतर, की एखाद्याच रीस्टार्टला? एक आड एक दाब वाया जातो, की प्रत्येक दाब दोनदा मोजला जातो? यातल्या प्रत्येकाचं कारण वेगळं असतं आणि बहुतेक वेळा ठरलेलं असतं. म्हणून खालचं सगळं तशाच विभागणीने लिहिलंय. आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलमध्ये ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.

आधी एवढं माहीत हवं

रिमोटच्या तोंडाशी असलेला एलईडी साधारण ९४० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश फेकतो. हा प्रकाश सलग नसतो, सेकंदाला ३६ ते ४० हजार वेळा लुकलुकतो. एनईसी पद्धतीचे रिमोट ३८ किलोहर्ट्झवर चालतात, फिलिप्सच्या आरसी-५ आणि आरसी-६ पद्धतीचे ३६ वर, सोनीचे ४० वर. विंडोजमधल्या मीडिया सेंटर या जुन्या प्रोग्रामच्या जमान्यातले हिरव्या बटणाचे रिमोट आरसी-६ वाले. रिसीव्हर ही लुकलुक गाळून नुसते लांब-आखूड ठोके पुढे देतो. कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) डिकोडर त्या ठोक्यांतून एक आकडा काढतो, त्याला स्कॅनकोड म्हणतात. कीमॅप नावाच्या तक्त्यात त्या आकड्यासमोर कोणती की लिहिली आहे ते पाहिलं जातं आणि ती की कीबोर्डवरून आल्यासारखी कोडीला मिळते.

पहिली चाचणी मोबाइलची. कॅमेरा उघडा, रिमोटचं तोंड त्याच्याकडे करा, बटण दाबा. जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकताना दिसला की रिमोट जिवंत आहे. मागच्या कॅमेऱ्यावर बऱ्याचदा इन्फ्रारेड अडवणारी काच असते, त्यामुळे तिथे दिसलं नाही तर सेल्फीच्या कॅमेऱ्यात बघा आणि मगच रिमोटला नावं ठेवा.

दुसरी चाचणी जास्त कामाची. दुसऱ्या कंप्युटरवरून किंवा मोबाइलवरून एसएसएचने (दुरून टर्मिनल उघडून देणाऱ्या सोयीने) पीसीत शिरा आणि ‘आयआर-कीटेबल -टी’ चालवा. लिब्रेएलेक, म्हणजे फक्त कोडीसाठी बनवलेलं लिनक्स, असेल तर आधी कोडी आणि इव्हेंटलर्कडी या दोन्ही सेवा थांबवा. मीडिया सेंटरच्या रिमोटवर वरचा बाण दाबला की पडद्यावर पहिल्यांदा पद्धतीचं नाव आणि ‘स्कॅनकोड ०एक्स८००एफ०४१ई’ अशी ओळ येते, लगेच खाली ‘की-डाउन, की-अप’ येतं. या दोन ओळी नीट वेगळ्या ओळखा. दोन्ही आल्या आणि तरी कोडी हलत नाही, तर दोष कोडीच्या बाजूचा. आकडा येतो पण कीचं नाव येत नाही, तर कीमॅप चुकीचा किंवा लोडच झालेला नाही. काहीच येत नाही, तर प्रकाश, रिसीव्हर किंवा ड्रायव्हर. अजून एक शक्यता उरते, ती म्हणजे त्या रिमोटची पद्धत कर्नलमध्ये चालूच केलेली नाही. ‘आयआर-कीटेबल -पी ऑल’ दिल्यावर आकडे पडायला लागले तर तेच कारण.

ही चाचणी बिघाड चालू असतानाच करायची. रीस्टार्ट केल्यावर केलेल्या चाचणीला अर्थ नाही, तेव्हा सगळं ठणठणीतच असतं. म्हणून बाकी काही नाही तरी एसएसएच आधीच चालू करून ठेवा.

पीसी झोपेतून उठल्यावर रिमोट जातो

सगळ्यात जास्त डोकं खाणारा प्रकार हाच. पीसी सस्पेंडमध्ये टाकला, दुसऱ्या दिवशी पॉवर बटणाने उठवला, चित्र आलं, आवाज आला, रिमोट मात्र मेलेला. ‘आयआर-कीटेबल’च्या टेस्टमध्ये एकही ओळ नाही. यूएसबीची यादी पाहिली तर रिसीव्हर तिथे दिसतोय.

झोपेत त्या पोर्टची वीज तुटली की रिसीव्हर स्वतःची सुरुवातीची मांडणी विसरतो आणि ड्रायव्हरला मात्र तो कालचाच वाटतो. खात्री करायला ड्रायव्हर काढून पुन्हा घाला: ‘मॉडप्रोब -आर एमसीईयूएसबी’, मग नुसतं ‘मॉडप्रोब एमसीईयूएसबी’. रिमोट चालू झाला तर निदान पक्कं. मग हेच काम लिनक्सच्या सेवा चालू-बंद करणाऱ्या सिस्टमडीवर सोपवायचं. त्याच्या ‘सिस्टम-स्लीप’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकलेली स्क्रिप्ट झोपण्याआधी ‘प्री’ आणि उठल्यावर ‘पोस्ट’ हा शब्द घेऊन चालते. ‘प्री’ला ड्रायव्हर काढा, ‘पोस्ट’ला घाला. स्क्रिप्टला चालवण्याची परवानगी द्यायला विसरू नका, नाहीतर ती गुपचूप तशीच पडून राहते.

एक पाचर आहे. कीमॅप तुम्ही सुरुवातीला चालणाऱ्या एखाद्या स्क्रिप्टमधून हाताने लोड करत असाल तर ड्रायव्हर परत घातल्यावर तो उडतो. मग आकडे दिसतात, पण भलत्याच की मिळतात. कीमॅप यूडेव्हकडूनच (उपकरण दिसलं की ठरलेलं काम करणाऱ्या सेवेकडून) लोड व्हायला हवा, म्हणजे रिसीव्हर जितक्या वेळा नव्याने दिसेल तितक्या वेळा तोही आपोआप येतो. ते कसं करायचं ते अपडेटच्या भागात येतंय.

झोप न घेताही असंच होत असेल, म्हणजे अर्धा-पाऊण तास रिमोटला हात लावला नाही की पहिले दोन-तीन दाब वाया जातात किंवा रिमोट जातोच, तर यूएसबीची वीजबचत बघा. पॉवरटॉप या वीजबचतीच्या साधनाचं ‘ऑटो-ट्यून’ लोक हौसेने चालवतात आणि ते सरसकट सगळ्या यूएसबी उपकरणांना डुलकी घ्यायला लावतं. रिसीव्हरच्या सिसएफएस (कर्नल उपकरणांची सेटिंग दाखवतो त्या) फोल्डरमध्ये ‘पॉवर’ खाली ‘कंट्रोल’ नावाची फाइल आहे, तिथे ‘ऑटो’ असेल तर ‘ऑन’ करा. ते रीस्टार्टला पुसलं जातं, म्हणून यूडेव्हचा नियम लिहा.

आता उलटं गाऱ्हाणं: रिमोट चालतो, पण रिमोटने पीसी उठत नाही. यात तीन दारं आहेत आणि तिन्ही उघडी लागतात. एक बायोसमधलं. ‘ईआरपी’ किंवा ‘ईयूपी’ नावाची वीजबचतीची सोय चालू असेल तर पीसी बंद असताना यूएसबीला वीजच मिळत नाही, ती बंद करा. दुसरं, रिसीव्हरच्या त्याच ‘पॉवर’ फोल्डरमधल्या ‘वेकअप’ फाइलीत ‘एनेबल्ड’ असायला हवं. तिसरं, ज्या यूएसबी कंट्रोलरवर तो पोर्ट आहे त्याला ‘प्रॉक-एसीपीआय-वेकअप’ या यादीत परवानगी हवी. तिथे तो एक्सएचसी किंवा ईएचसी-१ अशा नावाने दिसतो.

या तिसऱ्या दारापाशी फार जण अडकतात. त्या फाइलीत कंट्रोलरचं नाव लिहिलं की परवानगी ‘चालू’ होते असं वाटतं. प्रत्यक्षात ती उलटते. चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. एखाद्याने ती ओळ सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये टाकलेली असते आणि खबरदारी म्हणून उठल्यावरच्या स्क्रिप्टमध्येही. परिणामी एकदा रिमोटने उठतो, पुढच्या वेळी नाही, त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा उठतो. माणूस सेल बदलत बसतो. आधी सद्यस्थिती वाचून, बंद असेल तरच लिहिणारी ओळ घाला.

शिवाय मीडिया सेंटरचे रिसीव्हर सामान्यतः फक्त त्यांच्याच रिमोटच्या पॉवर बटणाने पीसी उठवतात, कारण झोपेत असताना कर्नल आणि कीमॅप जागे नसतात, ती ओळख रिसीव्हरच्या आतच करावी लागते. जुन्या टीव्हीचा रिमोट एरवी कीमॅप बनवून मस्त चालेल, पण झोपलेला पीसी त्याला दाद देणार नाही. यावर सॉफ्टवेअरचा इलाज नाही. युनिव्हर्सल रिमोटमध्ये पॉवर बटणापुरता मीडिया सेंटरचा कोड भरा.

दिवे लागले की, किंवा दुपारी

रिमोट जवळून चालतो पण सोफ्यावरून नाही, आणि तेही दिवसाच्या ठरावीक वेळी, तर सॉफ्टवेअरला हात लावू नका. रिसीव्हरमध्ये आपोआप संवेदनशीलता कमी-जास्त करणारी सोय असते. आजूबाजूला इन्फ्रारेडचा गोंगाट वाढला की तो कान झाकून घेतो आणि मग एरवी सात-आठ मीटरवरून चालणारा रिमोट एका मीटरवर येतो.

गोंगाट करणारे कोण? पश्चिमेच्या खिडकीतून टीव्हीच्या कपाटावर पडणारं तिरपं ऊन. सीएफएल दिवे, कारण त्यांतला इलेक्ट्रॉनिक चोक काही दशसहस्र हर्ट्झवर चालतो, म्हणजे रिमोटच्याच मोहल्ल्यात. तेही लावल्या लावल्या जास्त. टीव्हीमागे चिकटवलेली एलईडीची पट्टी, विशेषतः मंद केलेली असताना. अजून कुणाकडे प्लाझ्मा टीव्ही असेल तर तो स्वतःच, कारण त्याच्या झेनॉन वायूतून इन्फ्रारेड बाहेर पडतं.

ऐकीव गोष्टींवर विसंबू नका, बघून घ्या. ‘आयआर-सीटीएल -आर’ चालवा आणि रिमोट बाजूला ठेवून द्या. खोली शांत असेल तर पडदा कोराच राहतो. एनईसीचं बटण दाबलं की सुरुवातीला अधिक ९०००, उणे ४५०० च्या आसपासचे मायक्रोसेकंदांतले आकडे आणि मग ५६० च्या आसपासच्या ठोक्यांची रांग दिसते. बटण न दाबताच दोनशे, तीनशे, सत्तर असे तुटक आकडे सांडत असतील तर तो गोंगाट. आता एकेक दिवा बंद करत जा. सांडणं थांबलं की आरोपी सापडला.

इलाज स्वस्त आहे. दिवा बदला किंवा रिसीव्हर हलवा, वीतभर हलवूनही फरक पडतो. रिसीव्हरभोवती काळ्या कागदाची बोटभर लांब नळी करून ती सोफ्याच्या दिशेला रोखली की बाजूचा प्रकाश तुटतो. रिसीव्हर टीव्हीच्या मागे ठेवून भिंतीवरून परावर्तित प्रकाशावर काम चालवणारे पुष्कळ आहेत. ते चालतं, पण असं चालवलेलं यंत्र ऐन दिवाळीत माळा लागल्या की बंद पडतं.

एक आड एक दाब वाया जातो

हा प्रकार इतका नियमित असतो की माणसाला वाटतं बटणच गेलंय. आरसी-५ आणि आरसी-६ मध्ये प्रत्येक निरोपात एक टॉगल बिट असतो. बटण दाबून धरलं तर तो तसाच राहतो, सोडून पुन्हा दाबलं की उलटतो. त्यावरून समोरच्याला कळतं की हा नवा दाब आहे की जुनाच लांबलाय.

तुम्ही अजून लर्क, म्हणजे रिमोटचे ठोके ओळखणारं जुनं सॉफ्टवेअर, वापरत असाल आणि ‘आयआर-रेकॉर्ड’ने रिमोटची फाइल बनवली असेल, तर शेवटी ते एकच बटण न धरता भराभर पुन्हा पुन्हा दाबायला सांगतं. ती पायरी कंटाळून नीट न केल्यास टॉगल बिट कोणता हे फाइलीत नोंदलंच जात नाही. मग ज्या दाबाला बिट रेकॉर्डिंगच्या वेळेसारखा असतो तो ओळखला जातो, पुढचा अनोळखी ठरतो. एक आड एक. लर्कच्या फाइलीत ‘टॉगल-बिट-मास्क’ची ओळ आहे का बघा, नसेल तर पुन्हा रेकॉर्ड करा. माझं मत विचाराल तर लर्कच सोडा. कर्नलचे स्वतःचे डिकोडर २०१० पासून आहेत, आरसी-५, आरसी-६, एनईसी, सोनी सगळं त्यांना कळतं आणि टॉगल बिट ते स्वतः सांभाळतात. लर्कची गरज आता अगदीच विचित्र पद्धतीच्या रिमोटांपुरती उरली आहे.

याच बिटाचं दुसरं रूप शिकाऊ युनिव्हर्सल रिमोटमध्ये दिसतं. असा रिमोट मूळ रिमोटचा एक नमुना टिपून घेतो, त्यातला टॉगल बिट गोठतो. मग यादीत भराभर पाच वेळा ‘खाली’ दाबलं तर पाचऐवजी दोन-तीनच पावलं पडतात, कारण लागोपाठचे दाब एकाच लांब दाबात विरघळतात. सावकाश दाबलं की बरोबर चालतं. शक्य असेल तर शिकवण्याऐवजी त्या रिमोटच्या अंगभूत यादीतला कोड निवडा. तिथे बिट खरोखर उलटतो. नाहीतर एनईसी पद्धतीचं एखादं उपकरण शिकवा, त्यात टॉगल बिटच नाही.

एकदा दाबलं, दोन पावलं पुढे

टेस्टमध्ये एकच ओळ येते, कोडीत मात्र निवड दोन घरं उडी मारते. पॉज केलेला सिनेमा लगेच पुन्हा चालू होतो. इथे एका म्यानात दोन तलवारी आहेत. कर्नल ती की कीबोर्डची म्हणून देतोय आणि त्याच वेळी लर्कची मागे चालणारी सेवा लर्कडीही तोच दाब कोडीला कळवतोय. कोडी दोन्ही इमानदारीने पाळतो.

दोघांपैकी एकाला गप्प करा. लर्कडी बंद करून टाकणं सगळ्यात सोपं, पण अपडेटनंतर एखादं पॅकेज ते परत चालू करतं, म्हणून ‘सिस्टमसीटीएल मास्क’ वापरा, नुसतं ‘डिसेबल’ नको. लर्कच ठेवायचं असेल तर एक्सच्या (लिनक्समध्ये पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या एक्स-११ या यंत्रणेच्या) कॉन्फिगमध्ये त्या इन्फ्रारेड उपकरणासाठी ‘इग्नोर’चा नियम लिहा, म्हणजे ते कीबोर्ड म्हणून वाचलं जाणार नाही.

उडी कधी दोन, कधी चार, कधी एक अशी असेल आणि बोट जरा जास्त वेळ टेकलं की होत असेल, तर ते वेगळं. तो आपोआप पुनरावृत्तीचा वेग आहे. कर्नल मूळ धरतो ती थांबण्याची वेळ ५०० मिलिसेकंद आणि नंतर दर १२५ मिलिसेकंदांना एक. ‘आयआर-कीटेबल’ला ‘-डी’ आणि ‘-पी’ मोठ्या अक्षरांत देऊन ते बदलता येतं. घरात वयस्कर कुणी रिमोट वापरत असेल तर थांबण्याची वेळ ७०० करून बघा, बोट लवकर उचलत नाही अशा हातांना बरं पडतं. माझ्या आईची "हा आपोआप पुढे पळतो" ही तक्रार तेवढ्यानेच मिटली.

बाण चालतात, ओके चालत नाही

हे नवीन जोडणीत हमखास होतं आणि डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) बदलली की परत येतं. बाण, आवाज, म्यूट सगळं चालतं. ओके आणि आकड्यांची बटणं ढिम्म. टेस्टमध्ये मात्र ‘की-ओके’ असं नाव व्यवस्थित उमटतं.

कारण एक्स-११ च्या पोटात आहे. त्याला २५५ च्या पुढचे की-क्रमांक दिसतच नाहीत आणि कर्नलच्या क्रमांकात तो ८ मिळवतो, म्हणजे कर्नलच्या हिशेबाने मर्यादा २४७. ‘की-अप’ १०३ आहे, तो जातो. ‘की-ओके’ ३५२ आणि ‘की-न्यूमेरिक-०’ ५१२, ते वाटेतच गळतात. तेव्हा कीमॅपची प्रत काढून ‘की-ओके’च्या जागी ‘की-एंटर’, ‘की-न्यूमेरिक-१’च्या जागी ‘की-१’, मागे जाण्याच्या बटणाला ‘की-बॅकस्पेस’, माहितीला ‘की-आय’ आणि मेनूला ‘की-सी’ असं भरा. कोडीला कीबोर्डवरची हीच अक्षरं मुळातून कळतात, त्याच्या आतल्या एक्सएमएल फाइलींना हातही लावावा लागत नाही.

अपडेटनंतर, किंवा एखाद्याच रीस्टार्टला

अपडेटनंतर रिमोट गेला म्हणजे बहुधा तुमचा सुधारलेला कीमॅप पुसला गेला. यूडेव्हच्या फोल्डरमधले मूळ कीमॅप पॅकेजचे असतात, त्यात केलेली दुरुस्ती पुढच्या अपडेटला जाते. आपली प्रत इटीसी या सेटिंगच्या फोल्डरातल्या ‘आरसी-कीमॅप्स’ फोल्डरमध्ये ठेवायची आणि इटीसीतल्याच ‘आरसी-मॅप्स’ या सीएफजी फाइलीत सगळ्यात वर एक ओळ घालायची: ड्रायव्हरचं नाव, मूळ तक्त्याचं नाव किंवा तारा, आणि आपल्या फाइलीचं नाव. वर असायला हवी, कारण जुळणारी पहिली ओळच धरली जाते. लिब्रेएलेकवर याच दोन गोष्टी स्टोरेजमधल्या ‘डॉट-कॉन्फिग’ फोल्डरात असतात. जुन्या काळच्या फाइली घेऊन आलात तर नावाशेवटी आता ‘टॉमल’ असतं हे बघा. जुन्या नावाकडे बोट दाखवणारी ओळ काहीही न सांगता वाया जाते.

रास्पबेरी पाय या छोट्या कंप्युटरवर अपडेटचा फटका निराळा. जुन्या लेखांमधला ‘लर्क-आरपीआय’ ओव्हरले (जोडलेलं हार्डवेअर कर्नलला सांगणारी कॉन्फिगमधली नोंद) कर्नल ४.१९ पासून नाही. आता ‘जीपीआयओ-आयआर’ लिहायचं आणि पिन सांगायची, न सांगितल्यास १८ धरली जाते. आणि २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून कॉन्फिगची ती फाइल बूटमध्ये थेट नसून आत ‘फर्मवेअर’ फोल्डरमध्ये आहे. जुन्या जागी लिहून काही उपयोग नाही.

एखाद्याच रीस्टार्टला रिमोट जातो, बाकी वेळी ठीक, याचं कारण सहसा आकड्यात असतं. तुमच्या स्क्रिप्टमध्ये ‘आरसी-०’ असं उपकरण पक्कं लिहिलेलं आहे. पण एचडीएमआय-सीईसीसुद्धा (एचडीएमआयच्या वायरीतून टीव्हीचाच रिमोट वापरू देणारी सोय) कर्नलला रिमोटचा रिसीव्हर म्हणूनच दिसतो. पाय-४ ला दोन एचडीएमआय आहेत, म्हणजे तिथेच दोन पाहुणे. कोण आधी उठेल त्यावर ०, १, २ वाटले जातात. त्या दिवशी तुमची आज्ञा बिचाऱ्या एचडीएमआयला कीमॅप शिकवून येते. ‘आयआर-कीटेबल’ नुसतं चालवलं की कोणता आकडा कुणाचा ते कळतं. आकडा न लिहिता ड्रायव्हरच्या नावावरून काम करणारी वरची सीएफजी फाइल वापरली की हा खेळ संपतो.

रिसीव्हर स्वतः जोडला असेल तर

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर टीएसओपी, म्हणजे इन्फ्रारेड रिसीव्हरचा सुटा तुकडा, मागितला की पुष्कळदा जुन्या ओळखीने १७३८ हातात ठेवतात. तो ५ व्होल्टचा आहे आणि रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या. टीएसओपी ३८२३८ मागा, तो ३.३ वर नीट चालतो. तुकड्याच्या तीन पायांचा क्रमही वेगळा: १७३८ ला ग्राउंड, वीज, आउटपुट, ३८२३८ ला आउटपुट, ग्राउंड, वीज. जुन्या आकृतीवरून नवा तुकडा जोडला की तो तापतो आणि बहुधा कायमचा जातो.

चालतो पण मधूनच भलते आकडे येतात, विशेषतः हार्ड डिस्क फिरायला लागली की? वीज स्वच्छ नाही. विजेच्या तारेत १०० ओहमचा रेझिस्टर आणि वीज-ग्राउंडमध्ये ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, दोन्ही रिसीव्हरच्या अगदी पायांशी लावा. दोन-चार रुपयांचं काम आहे आणि बहुतेक जण तेच गाळतात. दिव्यांचा गोंगाट फारच असेल तर त्याच घराण्यातला ३८४३८ गोंगाटाला जास्त पुरून उरतो.

रिमोटबद्दल एवढंच: पावसाळ्यात, आणि कोकणात बारा महिने, सेलच्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर चढतो; तो खरवडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. काही बटणंच दाबून दाबून चालत असतील तर रबराखालचा काळा कार्बन झिजलाय, तिथे पुसून फार काळ निभत नाही. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात, काही रिमोटांना ते पुरत नाहीत.

विंडोज, फ्लर्क आणि बाकीचे

विंडोज १० मध्ये मीडिया सेंटर राहिलं नाही, त्यामुळे हिरव्या बटणाला उचलणारा कुणी नाही. बाण आणि प्ले-पॉज तरीही चालतात. झोपेनंतर रिसीव्हर जात असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या आणि त्याच्या यूएसबी हबच्या वीजबचतीच्या टॅबमधली वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देणारी खूण काढा. बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागतं.

एवढ्या भानगडीत पडायचं नसेल त्यांना मी फ्लर्क नावाचा यूएसबी तुकडा सुचवतो. घरातला कुठलाही रिमोट त्याला एकदा शिकवला की तो स्वतःच्या मेमरीत ठेवतो आणि पीसीला साधा कीबोर्ड म्हणून दिसतो. कीमॅप, लर्क, आरसीचे आकडे, अपडेट, सगळ्यातून सुटका. सीईसीचं आमिषही पुष्कळांना असतं, पण पीसीच्या ग्राफिक्स कार्डात ते बहुधा नसतंच; रास्पबेरी पायला आहे. आणि वैतागून २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ रिमोट घेणाऱ्यांनी त्याचा डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टाशेजारी लावू नये, त्या पोर्टचा रेडिओ-गोंगाट नेमका तिथेच पडतो. छोटी एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल हातभर लांब न्या.

फ्लर्कबद्दल एक सांगून ठेवतो: तोसुद्धा शेवटी इन्फ्रारेडच पाहतो. पश्चिमेचं ऊन आणि सीएफएल त्यालाही तेवढेच जाचतात आणि बायोसमधलं ‘ईआरपी’ चालू असेल तर बंद केलेला पीसी तोही उठवू शकत नाही. तो मागवण्याआधी वरची ‘आयआर-सीटीएल’ची चाचणी संध्याकाळी, दिवे लावून, एकदा करून घ्या.